निळी लोकर, मुकी डिस्क

१

घड्याळकाकांच्या नव्या कॉम्प्युटरमधून त्यांची बायको गायब झाली होती.

ते तसंच म्हणाले. काखोटीला मारून आणलेलं काळं कॅबिनेट त्यांनी पारखीबाईंच्या टेबलावर ठेवलं, खुर्चीत बसून धाप ओसरू दिली आणि म्हणाले, "बाई, यंत्र आलं. ही मात्र आली नाही."

पारखीबाईंचं खरं नाव काय, हे बाजारात कुणी विचारत नसे. कॉम्प्युटर जोडणाऱ्या कारखान्यात त्यांनी सगळा जन्म तपासनीस म्हणून काढला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी वह्यापुस्तकांच्या दुकानावरची ही खोली घेतली. कुणाला वापरलेला, दुरुस्त करून परत विकायला काढलेला कॉम्प्युटर घ्यायचा असला की तो आधी इथे आणून दाखवी. बाई कॅबिनेट उघडत, नाक आत घालून वास घेत, मग स्क्रू बघत, मग धूळ बघत आणि शेवटी एकच शब्द बोलत. "घ्या", नाहीतर "परत". या एका शब्दापायी कितीतरी दुकानदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पण स्वतःच्या भाच्यासाठी यंत्र घ्यायचं झालं की तेच दुकानदार गुपचूप जिना चढून वर येत.

माणसं येत, शब्द घेऊन जात. नंतर खोलीत बाई आणि टेबलावरचा दिवा एवढंच उरे. बाईंना एकटं वाटायचं. ते त्या कुणाला सांगत नसत, पण स्वतःपासून लपवतही नसत.

"ही म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

ही म्हणजे काकांची बायको. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. आजार कळला तेव्हा तिला स्वतःपेक्षा नवऱ्याचीच काळजी जास्त. आयुष्यभर भिंग डोळ्याला लावून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या माणसाला घरात तांदूळ कुठे असतात हे ठाऊक नव्हतं. मग ती रोज कॉम्प्युटरसमोर बसली, एका हातात विणकाम घेऊन, आणि बोलत राहिली. काय कुठे ठेवलंय, गोळी कधी घ्यायची, चादरी कधी बदलायच्या. ती गेल्यावर काका दुपारी जेवून तो आवाज लावत आणि ती सांगेल तसं करत.

"दूध ठेवलंत ना, मग हलू नका तिथून, असं म्हणायची," काका म्हणाले. "दूध उतू गेलं की माझ्या नावाने बोटं मोडू नका. हे असं सगळं बोललेलं आहे तिने. होतं."

यंत्र जुनं झालं म्हणून मुलाने बाजारात अदलाबदलीचा व्यवहार ठरवला होता. जुनं द्यायचं, दुरुस्त केलेलं चांगलं यंत्र घ्यायचं आणि जुन्यातलं सगळं दुकानाने नव्यात घालून द्यायचं. नवं यंत्र आलं. काकांनी आवाजाचं फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं.

"दुकानवाला म्हणतो, आत काही नव्हतंच. यंत्र नेलं त्याच्या आदल्या दुपारपर्यंत ती बोलत होती. तुम्ही मला एवढं सांगा, हा व्यवहार बरा झाला की वाईट. आणि या लोकांनी माझ्या बायकोचं काय केलं तेही सांगा."

बाईंनी झाकण काढलं. आत सगळं घासलेल्या भांड्यासारखं लखलखत होतं, आणि बाईंना नेमकं तेच आवडेना. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि पंख्याखालच्या धातूच्या बारीक पात्यांमध्ये चिमटा घातला. तिथपर्यंत कुणाचा ब्रश पोचत नाही. चिमट्याला निळ्या रंगाचं काहीतरी लागून आलं. ती लोकर होती.

बाईंनी वर पाहिलं. काकांच्या अंगात निळा स्वेटर होता, घरी विणलेला. त्याची एक बाही दुसरीपेक्षा आखूड राहिली होती.

त्यांनी यंत्र चालू केलं. पंखा घुमू लागला तशी काकांनी मान तिरकी केली. "हा घुमारा माझ्या ओळखीचा आहे. मी मुलाला म्हटलं, तर तो म्हणतो, बाबा, सगळे पंखे असेच वाजतात."

"तुमचे कान शाबूत आहेत," बाई म्हणाल्या. "हे यंत्र दुसरीकडून आलेलं नाही, काका. तुमच्याच घरातून निघालं आणि नवे कपडे घालून तुमच्याच घरी परत आलं."

२

बाजारात त्या दुकानदाराला सगळे 'नव्यासारखा' म्हणत, कारण दुकानातल्या प्रत्येक वस्तूबद्दल तो हा एकच शब्द वापरी. कॉम्प्युटर नव्यासारखा, छपाईचं यंत्र नव्यासारखं, एकदा तर गिऱ्हाइकाच्या सासऱ्यांनाही तो नव्यासारखे म्हणाला होता. पारखीबाईंना दारात बघून त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं.

बाईंनी काउंटरवर फक्त लोकरीचा तो पुंजका ठेवला. नव्यासारखा आधी काही समजलंच नाही असा चेहरा करून बसला. मग म्हणाला की लोकर काय कुठेही सापडते. बाईंनी पुंजका बोटाने त्याच्याकडे सरकवला. शेवटी त्याने मान्य केलं. घाऊकवाल्याकडून माल आला नव्हता, काकांचा मुलगा रोज फोन करत होता, म्हणून जुन्याच यंत्राचा गाभा नव्या कॅबिनेटमध्ये बसवला आणि वर एक नवी डिस्क लावून दिली. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार होतं?

"म्हाताऱ्या माणसाला आवाजावरून कळलं," बाई म्हणाल्या. "आता जुनी डिस्क कुठाय ते सांगा."

इथे नव्यासारख्याने सरळ हात वर केले. डिस्क कारागिराच्या ताब्यात होती, त्याने काय दिवे लावले ते त्यालाच विचारा. आणि आतल्या खोलीतून बोलावलेल्या कारागिरासमोरच तो म्हणाला, "लोकांच्या आठवणी हरवणारा माणूस मला नको. उद्यापर्यंत याचा निकाल लागला नाही तर तू दुसरीकडे बघ."

कारागीर मध्यम वयाचा, मोजकं बोलणारा माणूस होता. या बाजारात एकदा 'डिस्क हरवणारा' असा शिक्का बसला की कुणीच दारात उभं करत नाही, हे त्याला कळत होतं आणि पारखीबाईंनाही. त्याने फक्त एवढंच सांगितलं की डिस्क आली तेव्हाच मेलेली होती. वीज दिली की आतून नुसती टकटक व्हायची. त्याने मालकाला तेव्हाच सांगितलं होतं, पण मालक म्हणाला, गिऱ्हाइकाला काही बोलू नकोस, नाहीतर अदलाबदल मोडेल.

नव्यासारख्याला अचानक बाहेरचं कुणीतरी दिसलं आणि तो गिऱ्हाइकाला सामोरं जायला निघून गेला.

कारागिराने भंगाराचा खोका ओढला. त्यात तळापर्यंत डिस्का होत्या, तेलकट, ओरखडलेल्या, धुळीने माखलेल्या. त्यातून त्याने एक बाजूला काढली. बाईंनी ती हातात घेतली आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. खोक्यातल्या सगळ्या डिस्कांमध्ये ही एकच स्वच्छ होती.

त्यांनी दिव्याखाली ती फिरवली. झाकणाच्या कडेचं सील उचलून पुन्हा चिकटवलेलं होतं, इतक्या सरळ रेषेत की उघड्या डोळ्यांना कळू नये. चांदणीच्या आकाराच्या बारीक खाचांचे स्क्रू जागच्या जागी होते. एकालाही ओरखडा नव्हता.

"ही डिस्क उघडलेली आहे," बाई म्हणाल्या.

कारागिराचा चेहरा उतरला. ते स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत आणि त्यांचा पेचकस या गल्लीत एकाकडेच होता. तो त्याच्याच खिशाला लटकत होता.

३

"बाई, मी डिस्क उघडून काय करू?" डिस्क रुमालात गुंडाळून निघालेल्या बाईंना त्यांच्या जिन्यापर्यंत सोडायला आलेला कारागीर म्हणाला. "एकदा उघडली की ती संपली. आत धुळीचा कण गेला तरी संपली. एवढं तर मला कळतं."

त्याच्या या वाक्याने बाईंची झोप उडवली. जो डिस्क जाणतो तो ती कधीच उघडणार नाही. मग ज्याला डिस्क कळत नाही, पण स्क्रू मात्र फुलासारखा काढता येतो, असा माणूस कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई काकांच्या मुलाच्या ऑफिसात गेल्या. तो विमा कंपनीत होता. त्याचं टेबल खिडकीजवळ होतं आणि त्यावर आईचा एकही फोटो नव्हता. बाईंनी ते टिपून ठेवलं.

मुलगा सभ्य होता, पण दमलेला. त्याने आधी आपली बाजू मांडली. बाबा दिवसचे दिवस कुणाशी बोलत नव्हते. मित्र येणं बंद झालं होतं. गेलेल्या माणसाच्या सांगण्यावरून चादरी बदलायच्या, हे काय जगणं झालं? हो, तो आवाज बंद झाला तर बरं, असं त्याला वाटलं होतं. बाबांच्या शेजारीणबाईसमोर तो तसं बोललाही होता.

"म्हणजे तुम्हीच ती डिस्क..." बाई सुरुवात करत होत्या.

"नाही." त्याने टेबलावरचं पेन उगाच सरळ केलं. "मला तो आवाज ऐकवत नव्हता, बाई. मी घरी गेलो की बाबा तो लावायचे आणि मी काहीतरी निमित्त काढून खाली जायचो. मला तो नको होता आणि हवाही होता. बाबा किती वेळा म्हणाले, याची एक प्रत काढून ठेव. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. प्रत काढायची म्हणजे तो सगळा ऐकावा लागेल, असं मला उगाच वाटायचं. तसं काही नसतं, ते मला माहीत आहे."

बाईंनी त्याला पाणी पिऊ दिलं. मग विचारलं, अदलाबदलीला काका तयार कसे झाले?

मुलगा गोंधळला. मग म्हणाला, तेच तर नवल. तो कितीतरी महिने मागे लागला होता आणि बाबा दाद लागू देत नव्हते. या यंत्राला हात लावायचा नाही, एवढंच म्हणायचे. आणि एका सकाळी त्यांचा स्वतःहून फोन आला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ये आणि घेऊन जा ते. आजच घेऊन जा."

४

काकांच्या घराची भिंत आणि शेजारीणबाईच्या घराची भिंत एकच होती, आणि ती सुद्धा नावापुरती. शेजारीणबाई घरी शिलाईकाम करायची. तिचं मशीन त्या भिंतीला लागूनच होतं. काकांच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असे, त्यामुळे पारखीबाई आधी तिच्या दारात गेल्या.

तिने काही लपवलं नाही. हो, तिने त्या आवाजाबद्दल तक्रार केली होती. भिंतीवर थापाही मारल्या होत्या. दुपारी डोळा लागायची वेळ आणि पलीकडून गेलेली मैत्रीण बोलतेय, मीठ डावीकडच्या बरणीत, साखर उजवीकडे, दोन्ही पांढरंच असतं तेव्हा आधी चाखून बघा. "भाऊजींना धीर येत असेल, पण मला रोज नव्याने रडू यायचं. मला सगळं पाठ झालंय बाई. झोपेतून उठवून विचाराल तरी सांगेन."

"मग यंत्र दुकानात गेल्यावर तुम्हाला शांत वाटलं असेल."

शेजारीणबाईने मशीनवरचा हात काढला. "शांत त्याच्या आधीच झालं होतं."

बाईंनी पुन्हा विचारलं. ती ठाम होती. मुलगा यंत्र न्यायला आला त्याच्या कितीतरी दिवस आधी आवाज बंद पडला होता. पहिल्या दुपारी तिला बरं वाटलं. दुसऱ्या दुपारी चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग ती भिंतीला कान लावून बसू लागली. पलीकडे काका फिरत असत, भांडं वाजे, पण मैत्रीण बोलत नसे.

आणि काका तर म्हणाले होते, आवाज शेवटच्या दिवसापर्यंत चालू होता.

"बंद पडायच्या आधी काही वेगळं ऐकू आलं का?"

शेजारीणबाई आठवत राहिली. आवाज मधूनच अडखळायचा, म्हणाली. एखादा शब्द दोनदा यायचा. मग एक दिवस भाऊजी अख्खी दुपार टेबलाशी बसून होते. त्यांचं ते बारीक काम चालू असलं की अगदी सामसूम असते, तशी सामसूम होती. "ते असेच आहेत. माझं हे मशीन बरं चाललं होतं. एक दिवस म्हणाले, वहिनी, याची चाल बिघडायला लागलीय, आणि सगळं खोलून, पुसून, तेल घालून परत जोडून दिलं. बंद पडायच्या आधी उघडावं, असा त्यांचा नेमच आहे. बायकोने फक्त त्या कॉम्प्युटरला हात लावू दिला नव्हता. ते घड्याळ नाही हो, म्हणायची."

पारखीबाईंना उलगडा झाला. कोडं सुटलं की त्यांना नेहमी हलकं वाटे. आज वाटलं नाही. क्षणभर तर त्यांना असंही वाटलं की सरळ घरी जावं, कारागिराने आपलं बघून घ्यावं आणि या म्हाताऱ्या माणसाला दुकानावर खापर फोडून सुखाने राहू द्यावं.

मग त्यांना कारागिराचा उतरलेला चेहरा आठवला. त्या उठल्या आणि शेजारचं दार वाजवलं.

५

काकांचं टेबल खिडकीखाली होतं. त्यावर चिमटे, ब्रश, तेलाच्या इवल्या कुप्या आणि पेचकसांची रांग. बरेचसे पेचकस त्यांनी स्वतःच पोलादाच्या काड्या कानशीने घासून बनवलेले होते. घड्याळजींची ती जुनी रीतच. हवं ते हत्यार बाजारात मिळालं नाही तर बसून घडवायचं. त्या रांगेत एका काडीचं टोक बाकीच्यांपेक्षा ताजं चमकत होतं. बाईंनी ती उचलून उजेडात धरली. टोकाला चांदणी होती.

"निकाल लागला का?" काकांनी विचारलं. "त्या कारागिरानेच केलं ना?"

बाईंनी रुमालात गुंडाळलेली डिस्क टेबलावर ठेवली. ती बघताच काकांनी हात मागे घेतले.

"त्याने केलेलं नाही, काका. मी कसं ते सांगते. ही उघडणाऱ्याला डिस्क माहीत नव्हती. माहीत असती तर त्याने उघडलीच नसती. पण त्याचा हात असा होता की एका स्क्रूला ओरखडा नाही आणि सील परत लावलंय ते आखून लावल्यासारखं. या बाजारात असा हात कुणाचा नाही. दुकानात सगळे मोटरवरच्या पेचकसाने फिरवतात, त्याने खाच झिजते." मग त्या जरा हळू म्हणाल्या, "रात्री मी हिचं झाकण काढलं. आत जी दांडी फिरते तिच्या खुंटीवर तेल होतं. एकच थेंब, जिथे हवा तिथे. डिस्कमध्ये तेल कुणी घालत नाही. घड्याळात घालतात."

काकांनी तेलाची कुपी बोटाने मागे सरकवली.

"आवाज यंत्र दुकानात जायच्या आधीच बंद पडला होता. भिंतीला कान असतात आणि तुमच्या भिंतीला तर शेजारीणबाईचे आहेत. महिनोन्‌महिने नाही म्हणणारे तुम्ही एका सकाळी म्हणालात, आजच घेऊन जा. कारण आता त्यात राखण्यासारखं काही उरलं नव्हतं."

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. काकांनी त्या उन्हात आपले दोन्ही हात पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले.

"तिची चाल चुकत होती," ते म्हणाले. "आतून टिकटिक यायची. आधी नियमित, मग एक ठोका हुकायचा. कुणाला ऐकू येत नव्हती, मला येत होती. मी मुलाला सांगितलं, तो म्हणाला रविवारी बघू. असे ठोके हुकायला लागले की घड्याळ बंद पडतं, हे मी जन्मभर पाहिलंय. मी म्हटलं, आपल्याला येतं ते करावं. उघडलं. आत आरशासारखी चकती होती. एवढी सुंदर वस्तू मी कधी पाहिली नव्हती. मी ब्रशने पुसली, तेल दिलं, परत बंद केली." त्यांचा आवाज फाटला. "थोडा वेळ ती बोलली हो. चादरींबद्दल बोलत होती. आणि वाक्य अर्धं राहिलं."

बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

"मग माझ्याकडे का आलात?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. "मी शोधून काढणार हे तुम्हाला कळत होतं."

"कळत होतं. पण तुम्ही चुकाल अशीही आशा होती. कुणीतरी मला सांगायला हवं होतं की हे मी केलं नाही." काकांनी डिस्कखालचा रुमाल सारखा केला. "त्या कारागिराची नोकरी जाईल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. खरंच नव्हतं आलं."

"आता आलंय," बाई म्हणाल्या. "आणि एक ऐका. ठोके हुकत होते म्हणजे डिस्क आधीच मरत होती. तुमच्या कानाने बरोबर ओळखलं, आणि ते तुमच्या एकट्यालाच कळलं होतं. हात चुकला. तो तिला वाचवायला गेला होता, म्हणून चुकला."

भिंतीपलीकडे शिलाईचं मशीन बराच वेळ बंद होतं. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

६

त्याच दुपारी काका स्वतः दुकानात गेले. नव्यासारख्यासमोर, दोन गिऱ्हाइकांच्या देखत, त्यांनी सांगितलं की डिस्क त्यांच्या हातून गेली, कारागिराचा यात काडीचा दोष नाही. बाईंनी वर एवढंच म्हटलं की गिऱ्हाइकाचंच यंत्र गिऱ्हाइकाला विकल्याची गोष्ट बाजारात पसरवायची की नाही, हे कारागीर उद्या कामावर असतो की नाही त्यावर ठरेल. नव्यासारख्याने व्यवहार मोडायची तयारी दाखवली. कारागीर राहिला. निघताना त्याने काकांना वाकून नमस्कार केला. काकांना त्याच्याकडे बघवेना.

व्यवहाराचं काय करायचं ते राहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र काखोटीला मारून बाई काकांच्या घरी गेल्या.

"आधी माझं काम करते," त्या म्हणाल्या. "व्यवहार म्हणून हा वाईट आहे. जुनं यंत्र नव्याच्या नावाने गळ्यात मारलंय. दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, परत."

"आणि मी?"

बाईंनी यंत्र चालू केलं. पंखा घुमला. "तिने हे सगळं बोलताना मागे हाच पंखा चालू होता. तुम्ही रोज तिच्याबरोबर हाही ऐकत होता, म्हणून तर तुम्ही तो ओळखलात. तिचा आवाज मी आणू शकत नाही, काका. डिस्क मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायला मी मुलाला सांगितलंय. तो पाठवणार आहे, पण आशा धरू नका. हा पंखा मात्र खरा आहे. घ्या."

काका पंख्याकडे कान करून उभे राहिले. मग त्यांना एकदम पाहुणचार आठवला. चहा तरी घ्या, म्हणाले, आणि आत जाऊन दूध शेगडीवर ठेवलं. ठेवलं आणि सवयीने परत टेबलापाशी आले. पंख्याचा घुमारा ऐकत बसले.

बाईंना कळत होतं की दूध उतू जाणार. सांगावं की नाही, असं त्यांना झालं. या घरात ते सांगायचा हक्क एकीचाच होता. त्या चपला घालायला उठल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. जाडसर आणि थोडा कापरा. काकांच्या बायकोचा आवाज तसा नसणार, हे बाईंना तिला कधी न ऐकताही कळलं.

"दूध ठेवलंत ना, मग हलू नका तिथून," शेजारीणबाई भिंतीला तोंड लावून म्हणत होती. "उतू गेलं की माझ्या नावाने बोटं मोडू नका. आणि मीठ डावीकडच्या बरणीत आहे. साखर उजवीकडे. दोन्ही पांढरंच असतं, तेव्हा आधी चाखून बघा."

तिला सगळं पाठ होतं. एकही शब्द पुढेमागे न करता ती सांगत होती. मधेच ती थांबली आणि पुन्हा तिथूनच पुढे सुरू झाली. गोळीची वेळ. खिडकीची कडी. मग चादरी. चादरींचं वाक्य या वेळी पूर्ण झालं.

काका शेगडीपाशी जाऊन उभे होते. दूध कडेपर्यंत आलं तेव्हा त्यांनी गॅस बारीक केला.

"उभा आहे," ते भिंतीकडे बघून म्हणाले.

पारखीबाईंनी घातलेल्या चपला काढल्या आणि त्या पुन्हा येऊन खुर्चीत बसल्या.